न वाजणारा डबा

“वाजवा, हुंगा, कानाशी लावा. पण उघडू नोका, बाई. उघडला का खेळ सरला.”

सोनाळ्याच्या सत्यभामाआत्याचा हा आवाज. तो कानी पडला की अंगणात धावणाऱ्या पोरी जिथल्या तिथं फतकल मारून बसायच्या. भुलाबाईची गाणी म्हणून झालेली, तोंडं सुकलेली, आणि आत्याच्या पदराखालून तो पितळी डबा निघायचा. आतला खाऊ ओळखायचा, ओळखल्याशिवाय मिळायचा नाही. डबा हातोहात फिरायचा. खुळखुळला तर फुटाणे, गडगडला तर लाडू, नुसताच सरकला तर वडी. बाकीच्या पोरी काय असेल, काय असेल म्हणत गलका करायच्या. प्रेरणा मात्र डबा कानाशी धरून विचारायची, “फुटाणेच काऊन? शेंगदाणे काऊन नाही?”

आत्यानं तिचं नावच काऊनबाई ठेवलं होतं.

आत्या जाऊन आता कैक वर्षं झाली. सोनाळ्याचं माहेर मागं राहिलं, पिंपळगाव राजाच्या या घरात प्रेरणाचे केस कानाशी पांढरे व्हायला लागले. तरी कोजागिरीच्या त्या दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल धरून ती उभी होती, तेव्हा तो आवाज तिला आला. अगदी पाठीशी कुणी बोलावं तसा आला.

मोबाईलवर निरोप लिहून तयार होता. महामाया मॅडम, घरच्या अडचणीमुळे आजची तोंडी परीक्षा देता येणार नाही, क्षमा असावी. एक बोट टेकवलं की निरोप जाणार होता, आणि त्याच्याबरोबर दोन वर्षं जाणार होती. परीक्षा पुन्हा होणार ती सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांनी आपण पुन्हा एवढा धीर गोळा करू याची प्रेरणाला खात्री नव्हती.

हे शिक्षण सुरू झालं तेही एका प्रश्नापायीच. टाळेबंदीत मोबाईलवर रोज नवे काढे, नवे उपाय यायचे. एक दिवस ज्ञानेश्वरनं, तिच्या नवऱ्यानं, जेवता जेवता विचारलं होतं, “तू बीएस्सी झालेली. मंग मले सांग, यातलं खरं कोनतं अन् खोटं कोनतं, हे ओळखाचं कसं?” गावातल्या पोरांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेणाऱ्या प्रेरणाला त्याचं उत्तर देता आलं नाही. विज्ञान तिला येत होतं. विज्ञानावर भरवसा का ठेवायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शोधता शोधता कळलं, की जगात एवढ्याच प्रश्नाचा एक आख्खा विषय आहे. विज्ञानाचं तत्त्वज्ञान. एका दूरच्या विद्यापीठाचा एम.ए.चा वर्ग घरबसल्या करता येत होता. तिनं अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि कॉलेज सोडून वीस वर्षं झालेली बाई पुन्हा बाकावर बसली. बाक म्हणजे बैठकीतली प्लास्टिकची खुर्ची.

पण ती खुर्ची बैठकीच्या एकाच कोपऱ्यात चालायची. खामगावच्या बाजूच्या खिडकीपाशी. घराच्या भिंती जाड, वर स्लॅब, मोबाईलची रेंज तेवढ्याच जागी. तिथून हात दोन हात सरकलं की समोरच्या प्राध्यापकाचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज विरून जायचा. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, या घरची भुलाबाई, माहेरी आलेली मातीची पार्वती, बसायची. आजेसासूच्या काळापासून.

महिनाभर प्रेरणानं भुलाबाईच्या शेजारी अंग चोरून वर्ग केले. पण आज शेवटचा दिवस. आज भुलाबाईपुढं गल्लीतल्या पोरी जमणार, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा राहणार, टाळ्या आणि गाणी होणार. तोंडी परीक्षा संध्याकाळी सातची.

“एक दिवस पुढं गेलं त काय होते, वहिनी?” मंजुश्री म्हणाली. ज्ञानेश्वरची ही थोरली बहीण कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, सारिकाला, घेऊन सकाळीच देऊळगाव राजाहून आली होती आणि आल्यापासून नारळ खवत बसली होती. मनानं वाईट नव्हती. पण माहेरची एक खुंटी हलली तरी तिला आख्खं माहेर हलल्यासारखं वाटायचं.

एक दिवस नाही, सहा महिने, असं प्रेरणानं सांगितलं.

“मंग सहा महिने.” मंजुश्रीनं खवलेला नारळ ताटात झटकला आणि आवाज खाली आणला. “म्या बोलू नये. पण आईकडे पाह्य जरा. तुयं ते इंग्रजी सुरू झालं का आई उठते अन् ओट्यावर जाऊन बसते. थंडी असो का काही असो. माणसाले सोताच्या घरात बसू वाटू नये, म्हंजे काय?”

सारिका मध्येच म्हणाली, की आजीनं असं काही म्हटल्याचं तिनं तरी कधी ऐकलं नाही. आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

मंजुश्रीचं म्हणणं प्रेरणाला खोडता येईना, कारण ते तिनं स्वतःच पाहिलं होतं, रोज. वर्गाची वेळ झाली की सासूबाई, रुखमाबाई, उठायच्या. राहिलेली भांडी खसाखसा घासून पालथी घालायच्या, शेवटचं पातेलं जरा जोरातच आपटायच्या, आणि तिच्याकडे न बघता बाहेर जायच्या. दारापुढच्या ओट्यावर दाराकडे पाठ करून बसायच्या. थंडीत अंगावर घोंगडं घेऊन बसायच्या. वर्ग संपला की आत यायच्या, ताट वाढून घ्यायच्या. कसा झाला म्हणून विचारलं नाही, बंद कर म्हणून सांगितलं नाही. दोन वर्षांत या विषयावर रुखमाबाईंच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

रात्री कधी तिनं ज्ञानेश्वरपाशी हे काढलं, तर तो म्हणायचा, “आई नाही म्हने का कधी?”

“हो तरी कुठं म्हटलं?”

“मंग?”

मग काही नाही. त्याच्यापाशी तो विषय तिथंच संपायचा, तिच्यापाशी तिथून सुरू व्हायचा.

गल्लीत रुखमाबाईंची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्यांचा भुलाबाईचा डबा वाजत नसे. काय युक्ती करायच्या कोण जाणे, कापडात गुंडाळायच्या की पानात. पण पोरी हलवून हलवून थकायच्या, डबा मुका. गल्लीतल्या पोरींनी त्यावर गाणंही रचलं होतं:

डबा बाई वाजंना, झाकन निघंना,
माय माही हासते, पोटातलं सांगंना.

प्रेरणा हे गाणं ऐकून हसायची. मागाहून तिला वाटायचं, हे आपलंच गाणं आहे.

बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला. ज्ञानेश्वर धांड्यांचा भारा घेऊन शेतातून आला होता, मागं बसून रुखमाबाईही आल्या होत्या. पायांवर पाणी घेऊन त्या आत आल्या. लेकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सुनेच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मंजुश्रीनं सगळं सांगून टाकलं: वहिनी आजची परीक्षा पुढं ढकलते म्हणते, अन् तेच बरं आहे.

रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. पदराला हात पुसले. बैठकीत गेल्या, खाली बसल्या, भुलाबाईला हात जोडले आणि भुलाबाई-भुलोजी, मांडीवरल्या गणपतीसकट, पाटासह उचलले.

“आई,” मंजुश्री उठली. “काय करून राह्यली? आजवर कधी हालवली नाही ते तठून.”

“माहेरवाशीन हाय ते,” रुखमाबाई म्हणाल्या. “माहेरवाशीनले कुठी बी पाट टाकता येते. ज्ञाना, मांडव अंगनात घाल. चांदनं तरी पाह्यन ते.”

भुलाबाई दाराबाहेर गेली. रुखमाबाई परत आल्या, खुर्ची उचलली, रिकाम्या कोपऱ्यात आणून आदळली. भिंतीला टेकून ती वाजली. मग सुनेकडे न बघता ओट्यावर निघून गेल्या.

प्रेरणानं खुर्ची सरळ केली. घे तुझी जागा, देवही हलवला तुझ्यापायी, असं होतं का त्या आदळण्यात? की, बस आता मुकाट्यानं? की आणखी काही? डबा आज पहिल्यांदा वाजला होता, आणि आवाज कसला ते तिला कळत नव्हतं.

ज्ञानेश्वर दारातून हळूच म्हणाला, “बस न मंग.”

तिनं निरोप पुसून टाकला.

सातला पडदा उजळला. एका चौकटीत महामाया मॅडम, तिच्या मार्गदर्शक. कपाळावर मोठं कुंकू आणि मागं पुस्तकांची भिंत. दुसऱ्या चौकटीत प्रसेनजित सर, परीक्षक, ज्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. बोलणं सगळं इंग्रजीत. सुरुवातीला प्रेरणाचा आवाज बसला. पहिल्या दोन उत्तरांत ती एवढी हळू बोलली, की सरांनी दोनदा कानामागं हात नेला.

प्रबंध तिनं डब्यावरच लिहिला होता. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल विज्ञान बोलतं. अणूचं पोट कुणी उघडून पाहिलेलं नाही, पृथ्वीच्या गाभ्यात कुणी उतरलेलं नाही. नुसतं वाजवून, हलवून, बाहेरून ऐकून आत काय आहे ते सांगायचा हक्क माणसाला कधी मिळतो? सोनाळ्याच्या अंगणातल्या पोरी नेमकं हेच करत होत्या, असं तिनं मांडलं होतं. प्रसेनजित सरांना ते आवडलेलं दिसत होतं, पण सोडायला ते तयार नव्हते.

समजा, त्यांनी विचारलं, दोन अंदाज आहेत. दोन्ही डब्याच्या आवाजाशी तंतोतंत जुळतात. मग त्यातला साधा, सोपा अंदाज खरा धरावा, असं आपण म्हणतो. तुम्हीही ते मान्य करता ना?

मान्य करून मोकळं होणं सोपं होतं. प्रेरणानं मान हलवायला घेतली आणि आतून कुणीतरी तिची वेणी ओढावी तसं झालं. “बट काऊन, सर?”

शब्द निघून गेला आणि मगच तिच्या लक्षात आलं, काय निघालं ते. सर गोंधळून म्हणाले, हे कोण? त्यांना वाटलं, कुण्या तत्त्वज्ञाचं नाव आहे आणि आपण ते वाचलेलं नाही.

महामाया मॅडम मोठ्यानं हसल्या. त्यांचं आजोळ अकोल्याकडचं. हा कुणी माणूस नाही, त्यांनी सांगितलं, आमच्याकडे ‘का’ला म्हणतात काऊन. प्रसेनजित सरही हसले. मग त्यांनी तो शब्द जपून, दोनदा उच्चारून पाहिला, आणि म्हणाले, बरं, तर मग काऊन?

आणि प्रेरणाचा गळा मोकळा झाला.

ती बोलू लागली. सोपं असणं ही आपली सोय आहे. डब्यावर आपल्या सोयीचं बंधन काऊन असावं? दोन अंदाज जुळत असतील तर डबा आणखी एका रीतीनं हलवावा. उन्हात ठेवून पाहावा, पाण्यात सोडून पाहावा. आणि सोनाळ्यात खरा खाऊ ओळखणारी पोर नुसता डबा ऐकत नव्हती, हेही तिनं सांगितलं. घर कुणाचं, त्यांच्या शेतात यंदा काय पिकलं, दुपारी त्या घरातून वास कसला आला, हे सगळं त्या पोरीला ठाऊक असायचं. एकटा आवाज काही सांगत नाही. ज्या घरातून डबा येतो ते घर माहीत असावं लागतं. बोलता बोलता तिचे हात हलू लागले, आवाज चढला, खिडकीबाहेर गेला. बाहेर पोरी जमल्या होत्या. मंजुश्रीचा आवाज तिला ओझरता आला, “हळू म्हना वो पोरीहो, वहिनीची परीक्षा हाय आत.” टाळ्या खाली आल्या. पोरी गाणं पुटपुटल्यासारखं म्हणू लागल्या.

शेवटी प्रसेनजित सरांनी मिस्कीलपणे विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरचा डबा तुम्हाला ओळखता येतो का?

“नाही,” प्रेरणा म्हणाली. “माझ्या सासूबाईंचा डबा वाजत नाही.”

ते दोघं हसले. तिला हसू आलं नाही. घर माहीत असावं लागतं, हे आत्ता आपणच म्हणालो, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

थोडा वेळ तिला पडद्याबाहेर ठेवून दोघांनी विचार केला. पुन्हा पडदा उजळला तेव्हा सर उभे होते. तोंडी परीक्षेत कुणी उभं राहत नाही. अभिनंदन, ते म्हणाले, आणि मॅडमनी डोळे पुसले. प्रेरणानं हात जोडले, आभार मानले, नंतर पुन्हा मानले, आणि पडदा बंद झाल्यावर रिकाम्या खिडकीकडे बघून तिसऱ्यांदा मानले. त्यात सोनाळ्याची आत्या होती, वर्गासाठी पहाटे शेताला पाणी देऊन संध्याकाळ मोकळी ठेवणारा नवरा होता, आणि आज अंगणात जाऊन बसलेली ती मातीची माहेरवाशीणही होती.

अंगणात चांदणं पडलं होतं. धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई खरंच खुशीत बसल्यासारखी दिसत होती. ज्ञानेश्वर चुलीपाशी दूध ढवळत होता. त्यानं भुवया उचलल्या, तिनं मान हलवली. तो पुन्हा दुधाकडे वळला आणि इतक्या जोरात ढवळू लागला, की दूध चुलीत सांडलं.

“पास झाली न?” तो पाठमोराच म्हणाला. “मंग सांग आता. खरं ओळखाचं कसं? कवाचा इचारून बसलो.”

“आधी दूध द्या,” प्रेरणा म्हणाली. “मग सांगते. रात्र पुरणार नाही.”

पहिला पेला मंजुश्रीनं भरला आणि वहिनीच्या हातात दिला. वरून टोमणाही दिला, की आता मॅडम आमच्यासंगं पाटावर बसतील का खुर्ची आणू. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तिनं सारिकालाच रागावून घेतलं, बदाम जाड कापले म्हणून.

डब्याची वेळ झाली. बाकीच्या घरांचे डबे ओळखून, उघडून, खाऊन झाले. उरला रुखमाबाईंचा. पोरींनी हलवला, हुंगला, हात टेकले. सारिकानं तो मामीच्या हाती दिला. “मामी, तू ओळख. तू त आता याच्यातलीच एमए झाली.”

सगळ्या हसल्या. प्रेरणा डबा घेऊन ओट्यावर गेली. रुखमाबाई आपल्या रोजच्या जागी बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. ती त्यांच्या शेजारी बसली. त्या जागेवर ती आजवर कधी बसली नव्हती.

बसल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की ती खिडकी इथं अगदी कानाशी आहे. डबा देऊन आत गेलेली सारिका कुणाशी तरी मोबाईलवर बोलत होती आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक मुलगा सायकलवरून ओरडत फाटकापाशी आला, तोच रुखमाबाईंनी सवयीनं हात वर करून त्याला गप्प राहायची खूण केली. मग वर्ग संपल्याचं ध्यानात येऊन त्यांनी हात खाली घेतला.

प्रेरणानं तो हात पाहिला.

डबा तिनं मांडीवर ठेवला. हलवला नाही. “खाऊ काय आहे ते मला नाही ओळखता येत, आई.”

“मंग हार मान.”

“मानली. पण एक विचारू?”

“इचार.”

“तुम्ही रोज इथं काऊन बसत होत्या?”

रुखमाबाई हसल्या.

“साऱ्या जगाले काऊन काऊन करते तू,” त्या म्हणाल्या. “मले दोन वर्सात आज इचारलं.” त्यांनी पदर सावरला. “आज त तो सबद आतून बी आयकला म्या. बाकीचं काही समजत नाही, पन काऊन समजलं. म्हटलं, हे आपलीच बोलून राह्यली.”

प्रेरणा आणखी जवळ सरकली.

“तू या घरात आली तवापासून हळू बोलते,” रुखमाबाई म्हणाल्या. “सासऱ्यापुढं हळू, माह्यापुढं हळू. मले वाटे, पोरीचा आवाजच तेवढा. अन् मंग तो वर्ग सुरू झाला, अन् म्या भाजी निवडत होती, त आतून कोन बोलते? मोकळं, हासून हासून, भांडून भांडून. म्या उठून पाह्यलं. तूच होती. मंग रोज येऊन बसे अठी. कोनी आलं त वापस धाडे. तो आवाज आयकाले बसे, माय.”

“मग मला सांगितलं काऊन नाही?”

“काऊन की,” रुखमाबाई तिच्याकडे वळल्या आणि त्यांनी डबा सुनेच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला, “सांगितलं असतं, त तू हळू बोलली असती.”